लाल दोरा म्हणजे आत घे

शिरपूरच्या स्टँडवर माय मला सोडायला आली तेव्हा मापाचा टेप तिच्या गळ्यात तसाच होता. सकाळपासून ती मशीनवर बसली होती. कुणाच्या तरी पोरीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि मी कॅनडाला निघाले म्हणून ते लग्न काही थांबणार नव्हतं. मालेगावची एसटी (आमचं मालेगाव, नाशिककडचं नव्हे) येऊन लागलेली, माझ्या दोन बॅगा कंडक्टरची बोलणी खात मागच्या सीटवर चढलेल्या, आणि माय धापा टाकत येऊन मला सांगते काय, तर "त्या पोपटी ब्लाउजचा गळा बसेच ना वं. म्हनून उशीर झाला."

माझं डोकंच फिरलं. एकुलती एक पोरगी सातासमुद्रापार चालली आहे आणि हिला गळ्याची पडली आहे! मी तसं तोंडावर म्हणालेसुद्धा. मी मनात काही ठेवत नाही, तो गुण तिचाच. ती म्हणाली, "मंग काय करू? तू चालली म्हनून त्या पोरीले उघड्यानं उभी करू का मांडवात? लोकाचं कापड हाय ते." मग तिचा हात गळ्याकडे गेला, टेप सापडला, आणि तिलाच हसू आलं. तिनं तो काढला आणि हार घालावा तसा माझ्या गळ्यात घातला.

"घे वंदे. तिकडे भेटन ना भेटन."

"माय, कॅनडात टेप मिळतात."

"भेटत असतीन. पन ते माह्यावाले नसतीन."

गाडी सुटली. तिनं हात हलवला नाही, रडली नाही. खिडकीजवळ येऊन एवढंच म्हणाली, "काच लाव, वारं लागन." मी अकोल्यापर्यंत रडत गेले, आणि काच लावलेलीच होती.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, जे तिकडे राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखं टेप गळ्यात घालून जे निघून आलात त्यांच्यासाठीही. शुद्ध लिहायचा प्रयत्न करीन, पण मायचं बोलणं आलं की वऱ्हाडी येणारच. त्याला माझा इलाज नाही.

आमचं घर जैन मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत. पुढच्या खोलीत मायची मशीन, मागे आम्ही. बाबा मी कॉलेजात असतानाच गेले, त्यानंतर घर त्या मशीनवरच चाललं. दर्शनाला आलेल्या बाया प्रवासात ब्लाउज उसवला की मायकडे यायच्या, पदर लपेटून बाकावर बसायच्या आणि पाच मिनिटांत नीट होऊन जायच्या. शेजारी शकीला मावशीचं बांगड्यांचं दुकान. लग्नाची गिऱ्हाइकं दोघींची एकच, त्यामुळे नवरीचं मनगट मावशीला पाठ आणि नवरीचा दंड मायला पाठ.

माय गावातल्या इतर शिवणाऱ्या बायांसारखी नव्हती. नवरीचा ब्लाउज ती कधी सरळ कापायची नाही. आधी मांजरपाटात शिवायची. मांजरपाट म्हणजे ते जाडंभरडं, पिवळट, न धुतलेलं सुती कापड, गावातल्या शेठजींच्या कापडदुकानात सगळ्यात खालच्या फळीवर पडलेलं. त्याचा आख्खा ब्लाउज उभा करायचा, पोरीच्या अंगावर चढवायचा, आणि मग पाहायचं. याला ती "कच्चं" म्हणायची. "कच्चं घालून पाह्य, मंग पक्क्याले हात लाव." शालूसोबत आलेला ब्लाउजपीस एकच असतो, तो बिघडला की दुसरा कुठून आणायचा? पोरी कंटाळायच्या. "काकू, एवढं काहून?" माय तोंडात टाचण्या धरून म्हणायची, "कापड बिघडलं तर मी काय तुह्या सासूले तोंड दाखवू?"

कच्च्यावर ती खुणा करायची त्या खडूनं नाही, दोऱ्यानं. खडू झटकला की जातो. जिथं सैल असेल तिथं चिमटीत धरून बघायचं आणि चिमटीच्या दोन्ही बाजूंना लाल धावदोरा घालायचा. जिथं घट्ट असेल तिथं निळा. लाल दोरा म्हणजे आत घे, निळा म्हणजे सोड. नुसती खूण, शिवायचं नाही. मी शाळेत जायच्या आधी हे शिकले. आणि काम झालं की ते कच्चं कधी फेकायचं नाही. उसवून त्याचं अस्तर व्हायचं, दुसऱ्या कुणाच्या तरी कपड्याच्या आत जायचं. मला अस्तर लावायचा भारी कंटाळा. दिसत तर नाही कुणाला, कशाला एवढी मेहनत! तर माय म्हणायची, "दिसत नाही, पन आंगाले तेच लागते."

इथं विनिपेगला आले तेव्हा पहिल्या थंडीत मला वाटलं, ही थंडी नाहीच, हा कुणाचा तरी राग आहे. उणे तीस. नाकातला श्वास नाकातच गोठतो. बसस्टॉपवर उभं राहायचं तर थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर पार्का म्हणजे टोपीचा जाडजूड कोट, पायात ते हत्तीसारखे बूट. रस्त्यावर बर्फ आणि मिठाचा चिखल, त्याला इथं स्लश म्हणतात. पहिल्या दिवाळीला मी हौसेनं साडी नेसून गेले आणि घरी आले तेव्हा साडीचा काठ घोट्यापर्यंत भिजून लाकडासारखा कडक झाला होता. नवरा, प्रशांत, हसून हसून बेजार. मी त्याच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही.

काम मला शिवणकामाचंच मिळालं. कपडे अल्टर करायचं दुकान, मालकीण ओल्गा, सत्तरीची, लहानपणी युक्रेनमधून आलेली. दिवसभर पँटींच्या खालच्या पट्ट्या, झिपा, कोटांची अस्तरं. हो, अस्तर! ज्याचा कंटाळा त्याच्याच गळ्यात पडले. मायला फोनवर सांगितलं तर ती इतकी खूश झाली, जसा काही मला सरकारी जॉब लागला.

फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "कपडा घातला का आंगात?" मे महिना असो की जानेवारी. मी म्हणायचे, माय, इथं घरात हीटिंग आहे. "असन. घातला का पन?"

मला तिला इथं आणायचं होतं. एक हिवाळा तरी. खरं सांगू का, मला माझ्या घरात तिच्या मशीनचा आवाज हवा होता, बाकी सगळी कारणं वरवरची. मी जाऊ शकत नव्हते, कारण आमचे इथं राहायचे कागद अडकलेले होते आणि मधेच देश सोडला तर परत घेतील की नाही, कोणीच छातीठोक सांगत नव्हतं. म्हणून तिनं यावं. तिचा व्हिसा काढला. त्यावर तिचं सुरू झालं: सोयाबीन घरी येऊ दे लोकायचं, मंग लग्नसराई हाय, मंग शकीलाच्या नातवाचा अकीका, म्हंजे त्यायचं बारसं, हाय. मी एक दिवस भडकले. म्हटलं, सरळ सांग ना, यायचं नाही. तेव्हा ती हळूच म्हणाली, "येतो वं. पन मी तिथं नेसू काय? पँट काही मी घालनार नाही. अन लुगडं तर तुहं लाकूड झालं होतं."

तेव्हा मला सुचलं. लोकरीचा घागराच म्हणा ना, घोट्यापर्यंत, पण सरळ पिंपासारखा नाही. त्याला निऱ्या हव्यात. प्लेटी. मायला निऱ्या नसलेला कपडा उघडा वाटतो, आणि मांडी घालून बसायचं, जिना चढायचा तर घेर हवाच. वरून लांब कोट. मी तिला फोनवर समजावून सांगितलं.

"म्हातारपनी मले परकर घालून शाळेत पाठोतं का?" मग लगेच, "किती निऱ्या येतीन त्यात?" मला कळलं, मासा गळाला लागला.

लोकर मी कधी शिवली नव्हती. आमच्याकडे लोकर म्हणजे घोंगडी किंवा विणलेला स्वेटर, कापायचं ते कापड नव्हे. ओल्गानं शिकवलं. लोकरीला आधी वाफ देऊन आकसू द्यायची, नाहीतर पहिल्या धुण्यात लांबी जाते. प्लेटी मोजून पाडायच्या, प्रत्येक प्लेट वरून खालपर्यंत कच्चा दोरा घालून बांधायची, ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबायची, घासायची नाही. आणि इस्त्री झाल्यावर गार होईपर्यंत हात लावायचा नाही. हे शेवटचं मला जमायचं नाही. ओल्गा माझ्या हातावर पट्टीनं टपली मारायची. घेर कमरेच्या तिप्पट लागतो, आणि लोकर जाड असल्यामुळे कमरेपाशी घड्यांवर घड्या चढून माप खाल्लं जातं, म्हणून थोडं जास्तीचं कापड हाताशी ठेवावं लागतं. ओल्गा म्हणाली, आधी साध्या कापडात करून बघ. तिनं आतून एक तागा काढून टेबलावर टाकला. तिच्या भाषेत त्याला मस्लिन. मी त्याला हात लावला, नाकाला लावला. मांजरपाट! तोच खळीचा वास. मला तिथं उभ्या उभ्या रडू आलं आणि ओल्गाला वाटलं माझं काहीतरी दुखतंय.

आता इथं एक गोष्ट झाली, ती शिवणकामाच्या घरातच होऊ शकते. बाकी कोणी असतं तर त्यानं आधी माप विचारलं असतं. आमच्याकडे घरच्यांचं माप कोणी घेत नाही. ते पाठच असतं. मायची कंबर छत्तीस. बाबा चिडवायचे, आपल्या दोघांचा छत्तीसचा आकडा तिथूनच सुरू झाला म्हणून. माझ्या हातानं मी तिचे परकर शिवलेले. तरी मी फोनवर म्हटलं, माय, एकदा टेप लावून सांग. ती म्हणाली, "टेप तर तूच घेऊन गेली." आणि हसली. "तुले पाठ हाय ना? मंग झालं."

मी छत्तीसचं कच्चं शिवलं. मांजरपाटाचा घोळदार घागरा, पुढे-मागे निऱ्या, कमरेला पट्टा. वाशिमचे एक ओळखीचे काका दिवाळीला गावी जात होते, त्यांच्याबरोबर पाठवला. सोबत लाल आणि निळ्या दोऱ्याची एकेक रीळ. तिच्याकडे काय दोऱ्यांचा तोटा होता का? पण मला गंमत वाटली. लिहिलं काहीच नाही, तिला कळणार होतं.

तिचा व्हिडिओ कॉल आला. एरवी माय फोन असा धरते की आपल्याला पंखा दिसतो, नाहीतर तिचं अर्धं कपाळ. त्या दिवशी शकीला मावशीनं फोन धरला होता. माय दाराच्या चौकटीत उभी होती, अंगावर जाड शाल, खाली मांजरपाटाचा घागरा. मागून उजेड, त्यामुळे तोंड काळपट दिसत होतं. घागरा कमरेला अगदी बेतशीर बसला होता. मी टाळीच वाजवली.

"बसला का?"

"बराबर बसला. पाह्य ना."

"घट्ट, सैल?"

"सांगतो ना, बराबर हाय. कापून टाक तुही लोकर."

तिचा उजवा हात मागं होता. मी विचारलं, "कंबर धरून काहून उभी हाय वं?" ती म्हणाली, "दुखून राह्यली जराशी. मशीनवर बसून बसून." मी म्हटलं, "मागं वळून दाखव, मागून कसा पडतो पाहू दे." तर एकदम तडकली, "मागून काय सोनं लागलं हाय का? समोरून चांगला हाय ना!" मावशीनं फोन हलवला, पंखा दिसला, आणि कॉल संपला. मला हसू आलं. म्हटलं, माय लाजली.

लोकर मी जांभळी आणली, पिकल्या जांभळाच्या रंगाची. पक्कं शिवायला हिवाळ्याचा बराचसा भाग गेला, दुकान सुटल्यावर थोडं थोडं. प्लेटी पाडताना माझं मन फार शांत असायचं. एक घडी, दोरा, पुढची घडी. मनात मी तिला एअरपोर्टवर उतरवत होते, बसमध्ये बसवत होते, नदी गोठते ती दाखवत होते. फोनवर ती विचारायची, कुठवर आलं? मी सांगायचे. तिचा आवाज बारीक झाला होता. मी म्हणायचे, माय, आवाज काहून असा? "नेटवर्क, वं." प्रत्येक वेळी नेटवर्क. आणि येणं पुढं पुढं जात होतं. आता उन्हाळ्यानंतर येतो, म्हणाली. मी चिडले, फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिचाच फोन. "कपडा घातला का?"

फेब्रुवारीत शकीला मावशीचा फोन आला. ती मला कधी फोन करत नाही. "बेटा," ती म्हणाली, "तिनं मले कसम घातली होती. मी आज कसम तोडून राह्यली. अल्ला माफ करन मले. तू ये." पोटाचा आजार होता. दिवाळीच्या आधीपासून. अकोल्याला नेलं होतं, डॉक्टरांनी काय ते सांगितलं होतं, आणि मायनं मावशीला सांगितलं होतं की वंदीले बोलायचं नाही, तिचे कागद अडकले हायेत, ती पळत येईन अन इकडेच अटकून बसन.

प्रशांत म्हणाला, जा, पुढचं पुढं पाहू. मला नंतर परत येऊ दिलं, ते वेगळं. पण निघताना मला त्याची फिकीर नव्हती. बॅगेत एकच गोष्ट नीट घडी करून ठेवली, तो जांभळा घागरा. प्लेटींवरचे कच्चे दोरे अजून काढले नव्हते, प्रवासात मोडू नयेत म्हणून.

घरात शिरले तर माय मशीनजवळच्या खाटेवर होती. मला ती दिसलीच नाही आधी. गोधडीच दिसली. मग गोधडीत ती. माझी माय एवढीशी झाली होती. मनगट असं झालं होतं की शकीला मावशीच्या दुकानातल्या लहान पोरींच्या बांगड्या बसल्या असत्या. मला पाहून ती मावशीकडे वळली आणि म्हणाली, "सांगितलं ना शेवटी? पोटात काही राह्यत नाही तुह्या." आणि मग माझ्याकडे बघून तिनं जो हात पुढं केला, तो मी धरला आणि सुटेपर्यंत सोडला नाही, एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी तिला बरं वाटत होतं. म्हणाली, दाखव. मी घागरा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं पहिल्यांदा काय केलं असेल? उलटा केला. आतून पाहिला. शिवणीवरून बोट फिरवत गेली, पट्ट्यापाशी थांबली, प्लेटी बोटानं उघडून पाहिल्या, बंद केल्या. मी दहावीच्या निकालाला उभी होते तशी उभी होते.

"निऱ्या चांगल्या पाडल्या," ती म्हणाली. "त्या बाईनं शिकोलं का?"

"हो."

"अस्तर काहून नाही टाकलं?"

अस्तर मी मुद्दामच टाळलं होतं, नेहमीप्रमाणे.

"लोकर टोचते वं. अस्तर टाक. अन नवं कापड कायले? कच्चं हाय ना तयार. पेटीत हाय पाह्य."

मी पेटी उघडली. मांजरपाटाचा घागरा सगळ्यात वर होता, धुऊन, घडी घालून. मी तो झटकून उघडला आणि खिडकीजवळ उजेडात धरला. मागच्या बाजूला, पट्ट्यापासून खाली उतरणारे, लाल धावदोरे. पहिली जोडी मधल्या शिवणीपासून चांगली लांब. म्हणजे पहिल्या दिवशीच, मी टाळी वाजवली त्या दिवशीच, ढळढळीत सैल होता. मागं जो हात होता त्यात तिनं सगळा जास्तीचा घोळ मुठीत धरून ठेवला होता. मावशी फोन धरून उभी, आणि ही मूठ आवळून 'बराबर हाय' म्हणते आहे. त्या पहिल्या दोऱ्यांच्या बाहेर, नंतर कधीतरी घातलेली, दुसरी जोडी. म्हणजे आणखी आत घे. मग आणखी. शेवटचे टाके वाकडेतिकडे होते. मायचा टाका कधी वाकडा नसायचा.

निळा दोरा कुठंच नव्हता.

"हे मधून मधून घालून पाहायची," शकीला मावशी दारातून म्हणाली. "मी म्हणो, कायले बाई? तं म्हणे, माप तं खरं ठेवा लागते ना."

मला इतका राग आला की काय सांगू. आजारावर आला, कागदांवर आला, त्या मुठीवर आला. सगळा मी तिच्यावर काढला. मरायला टेकलेल्या बाईवर मी ओरडले. "मले बराबर म्हणून सांगितलं! तू खोटं बोलली माय! तू, जी पोरीयले सांगे का कच्च्यावर खोटं चालत नाही!"

तिनं डोळे मिटले होते. मला वाटलं ऐकलं नाही. मग म्हणाली, "मी बोलली खोटं. कच्चं थोडीच बोललं? त्याच्यावर तर सारं खरं खरंच टाकलं मी." थोड्या वेळानं, "तुले वाचता येते म्हनूनच टाकलं ना वं. नाहीतर मले कोनासाठी टाकाचं होतं?"

मी खाटेच्या पायथ्याशी बसून त्या घागऱ्यात तोंड खुपसून रडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला वजनच नव्हतं. "तोंड नको पुसू त्याले," म्हणाली, "डाग पडन."

ती होळीच्या आधी गेली. गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या, शेठजींच्या घरच्याही. ज्यांचे लग्नातले ब्लाउज तिनं शिवले होते त्या आता आज्या झालेल्या. मशीन मी शकीला मावशीच्या सुनेला दिली, ती शिवते. घराला कुलूप लावलं आणि किल्ली मावशीकडे ठेवली. येताना पेटीतलं मी एकच उचललं, ते कच्चं.

आता लोक विचारतात, इथले आणि तिकडचेही, घर कुठलं म्हणून. पूर्वी पटकन सांगायचे, शिरपूर. आता जीभ अडते. तिथं कुलूप आहे. मशीनचा आवाज शेजारच्या घरातून येतो म्हणे, मी ऐकलेला नाही. इथं भाड्याचं अपार्टमेंट आहे, हीटिंग आहे, प्रशांत आहे, बसचा पास आहे. घर म्हणजे जिथून कोणी विचारतं की कपडा घातला का, असं मला वाटायचं, आणि विचारणारंच गेलं. रविवारी मी मावशीला फोन करते. ती तब्येत विचारते, कागदांचं विचारते. ते एक वाक्य ती विचारत नाही. ते तिचं नाही, तिला ठाऊक आहे.

या हिवाळ्यात मी अस्तर टाकलं. मांजरपाटाच्या निऱ्या उसवल्या, घेर कमी केला, लोकरीच्या आत बसवला. ओल्गानं लाल दोरे पाहिले आणि सवयीनं कात्री पुढं केली, खुणा आहेत, काढून टाक. मी तिचा हात धरला. तिनं विचारलं नाही. तिचीही आई कुठं तरी राहिलेलीच आहे. सगळे टाके तसेच ठेवले, वाकडे होते तेही. मग प्लेटींवरचे कच्चे दोरे एकेक करून ओढले. घागरा मोकळा झाला, आणि ओल्गा म्हणाली, घालून तर बघ.

मी हा घागरा कुणासाठी म्हणून ठेवणार होते, मला माहीत नाही. माझी कंबर गळ्यात टेप घालून एसटीत बसले तेव्हा अठ्ठावीस होती. इतक्या वर्षांत मी माझं माप घेतलेलं नाही. शिवणकामाच्या घरात घेत नाहीत. मी पट्टा लावला, हुक अडकवला. मायचं छत्तीस मला आलं होतं.

काल उणे अठ्ठावीस होतं. मी तो घालून बसस्टॉपवर उभी होते. बर्फ पडत होता, साचलेला घोट्यापर्यंत, वर पार्का. लोकर टोचली नाही. आतून मांजरपाट लागत होता, आणि मागं कमरेपाशी दोऱ्यांच्या गाठी, अगदी बारीक, चालताना कळतात. बस यायला वेळ होता. माझा उजवा हात आपोआप मागं गेला, जास्तीचा घोळ धरायला. चिमटीत काहीच येईना.

बराबर बसला, माय. खरं सांगतो. मागं हात नाही.